आपल्या समाजाचे दप्तर

आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीत नोकरी म्हटली की कचेरी असे समीकरणच होते. कोणी जी.आय.पी. रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी कस्टम्समध्ये, कोणी पी.डब्ल्यू.डी.मध्ये. कोकणातला तेलाचा घाणा सोडून आपले ‘शनवार तेली’ पूर्वज मुंबईस आले, तेव्हा त्यांतले पुष्कळजण प्रथम कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. पुढे पलटणीतल्या बढतीच्या वाटा अरुंद झाल्या आणि त्यांची मुले-नातवंडे इंग्रजी शिकून लेखणीकडे वळली. आलेल्या पत्रावर आवक क्रमांक टाकायचा, गेलेल्या पत्राची जावक वहीत नोंद करायची, कागद तारखेप्रमाणे फाइलीत लावायचा, साहेबाने मागताच दोन मिनिटांत काढून द्यायचा, यात आपली माणसे तरबेज होती. ‘बेने इस्रायल हेडक्लार्क असला की दप्तराची काळजी नको’ असे घरोघरी अभिमानाने सांगितले जाई.

मग एक प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे. सरकारचे आणि रेल्वेचे दप्तर ज्यांनी इतके चोख राखले, त्यांच्या स्वतःच्या समाजाचे दप्तर आज कोठे आहे? कोणत्या कपाटात, कोणाच्या किल्लीखाली? आपण आता वयाने थकलो आहोत. ज्यांना त्या कपाटांची आठवण आहे अशी आपली शेवटचीच पिढी. म्हणून या दप्तराची हकीकत जेवढी ठाऊक आहे तेवढी सांगून ठेवतो.

कोकणातल्या गावांत आपले वाडवडील पसरलेले होते, तेव्हा समाजाचे दप्तर म्हणजे माणसांची आठवण. गावाच्या नावावरून आडनाव पडले: किहीमचे किहीमकर, दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. आडनाव सांगितले की मूळ गाव कळे. मूळ गाव कळले की कोणाच्या घरी कोणाची मुलगी दिली आहे हे म्हाताऱ्या बायका बोटांवर मोजून सांगत. दावीद राहाबी यांनी तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवून तयार केले, असे आपली परंपरा सांगते. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशी ती घराणी. त्यांचे वंशज ‘काजी’ म्हणून गावोगाव फिरत, लग्ने लावीत, तंटे मिटवीत. म्हणजे आपला पहिला दप्तरदार हा फिरता काजी. त्याची वही त्याच्या डोक्यात होती आणि तो गेला की वहीही जात असे.

हे बदलले 1796 मध्ये. पलटणीतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाची पहिली मशीद बांधली. शाआर हाराहामीम, दयेचे द्वार. आपण सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत आलो. जवळच्या मस्जिद स्टेशनाचे नावही याच मशिदीवरून पडले असे सांगतात, आणि तिच्या रस्त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले.

मशीद उभी राहिली म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा झाली असे नाही, तिचा कारभारही उभा राहिला. त्या कारभाराची घडण आपल्या पूर्वजांनी दोन ठिकाणांहून घेतली. कोकणातल्या गावगाड्यातून मुकादम आणि चौगुला आले. मुकादम हा जमातीचा प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस. यहुदी रिवाजातून गब्बाय, हझ्झान आणि शम्माश आले. गब्बायकडे पैसा, हझ्झानकडे प्रार्थना, शम्माशकडे देखभाल. मराठी आणि इब्री अशा दोन भाषांतले हुद्दे एका बाकावर बसून कारभार करू लागले, आणि ते गोडीने चालले.

कारभार आला की वही आलीच. सणासुदीला कोणी किती नेदर बोलला, पैकी किती जमा झाले, तेलवातीला किती गेले, हा गब्बायचा हिशेब. लग्न लागले की केतुबा लिहायचा, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि लग्नाची नोंद करायची. मुलाची मिला, माणसाचे दफन यांच्याही नोंदी आल्या. जमातीत तंटा झाला तर पंचांचा निवाडा कागदावर आला. पुढे मुकादमाच्या जोडीला प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रस्टी आणि मॅनेजिंग कमिटी आली तशी सभेची वृत्ते, ठराव आणि वार्षिक हिशेब यांची भर पडली. एका लहानशा समाजाचा सगळा संसार त्या एका कपाटात मावत होता.

आता या नोंदींतल्या अडचणी पाहा, म्हणजे आपल्या कारकून पूर्वजांचे डोके किती चालत असेल ते कळेल. पहिली अडचण नावांची. वर सांगितलेले सामाजी हसाजी हेच उदाहरण घ्या. गावच्या माणसांत ते सामाजी हसाजी, इंग्रजी कागदात सॅम्युएल इझिकेल, आणि केतुबा किंवा थडग्याच्या इब्री ओळीत शेमुएल बेन येहेझकेल. माणूस एक, नावे तीन. अब्राहाम हा आबाजी होई, मोशे हा मुसाजी. पलटणीच्या कागदात एक, मशिदीच्या वहीत दुसरे, तुळशीबागेच्या दुकानदाराच्या उधारीत तिसरे. बायकांची तर आणखी कथा. घरात तिला सगळे लाडूबाई म्हणत, केतुब्यात तिचे नाव लेआ आणि कचेरीच्या कागदात ती ‘अमक्याची बायको’.

दुसरी अडचण तारखांची. इब्री महिना केतुब्यासाठी, शक आणि तिथी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या व्यवहारासाठी, इंग्रजी तारीख कचेरीसाठी. तिसरी लिपीची. जुन्या हिशेबनिसांचा हात मोडीत बसलेला, पुढच्यांचा बाळबोधीत, त्यापुढच्यांचा इंग्रजीत, आणि धर्माचे ते इब्रीत. आज एखादी जुनी वही उघडली तर ती पूर्णपणे वाचू शकणारा एकच माणूस शोधून सापडणे कठीण. इब्री जाणणाऱ्या आपल्या नातवाला बाळबोध येत नाही. मराठी वाचणाऱ्या आपल्याला मोडी येत नाही. ती वही वाचायला आता दोन-तीन माणसांना एका टेबलाशी बसावे लागेल.

समाज वाढला तशा मशिदी वाढल्या. मुंबईत 1840 मध्ये नवी मशीद, शाआर रासोन. रेवदंड्याला 1842, अलिबागला 1848, पनवेलला 1849, पेणला 1863, ठाण्याला 1879. भायखळ्याकडे जेकब सर्कलजवळ 1886 मध्ये तिफेरेत इस्राएल. नोकरीच्या मागे समाज गेला तेथे मशीद गेली: कराचीला 1893 मध्ये मागेन शालोम, पुण्यात 1921 मध्ये सुक्काथ शेलोमो, अहमदाबादेत 1934 मध्ये मागेन अब्राहाम, दिल्लीत 1956 मध्ये जुदा हायम. प्रत्येक मशिदीची कमिटी स्वतंत्र, ट्रस्ट स्वतंत्र, कपाट स्वतंत्र. हे आपल्या माणसांच्या उत्साहाचे लक्षण. पण यातच दप्तराचे नुकसानही झाले.

कारण माणूस एका ठिकाणी राहिला नाही. अलिबागेस जन्म, मुंबईत लग्न, रेल्वेच्या बदलीवर कराचीस मुले झाली, पेन्शन घेऊन पुण्यास शेवट. अशी आयुष्ये आपल्यात किती तरी. त्या एका माणसाच्या नोंदी चार मशिदींच्या चार वह्यांत गेल्या. एका मशिदीने दुसरीला ‘तुमच्याकडचा अमुक आमच्याकडे आला, त्याच्या लग्नाची नोंद आम्ही केली आहे’ असे कळवावे, अशी रीत पडली नाही. रेल्वेच्या कचेरीत एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर बदली झाली तर सर्व्हिस बुक पाठोपाठ जाते. ते सर्व्हिस बुक पाठवणारा कारकून आपलाच असे. पण आपल्या मशिदींमध्ये माणूस गेला, त्याचे पुस्तक मागेच राहिले. कराचीची मशीद 1988 मध्ये पाडली गेली. तेथे वाढलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद पाहायची तर आता कोणाचे दार ठोठवायचे?

विखुरलेले एकत्र आणावे ही बुद्धी आपल्यात कोणाला झालीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. हाईम सॅम्युएल किहीमकर (1830 ते 1909) यांनी आपल्या भावांसह 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून आपण जाणतो. पण त्यांचे याहून मोठे काम म्हणजे त्यांनी समाजाचा इतिहास लिहिला. चालीरीती, आडनावे, मशिदी, सैन्यातले अधिकारी, हुद्दे यांची माहिती त्यांनी मेहनतीने गोळा केली. ग्रंथ 1897 मध्ये लिहून झाला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला, इम्मानुएल ओल्सवांगर यांच्या हातून. लिहून झाल्यावर चाळीस वर्षांनी आणि लेखक गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी! मधल्या चाळीस वर्षांत ते हस्तलिखित वाळवीला, पावसाला आणि घर बदलण्याच्या गडबडीला बळी पडले नाही, म्हणून आज आपल्याला आपला इतिहास आहे. विचार करा, ती एकच प्रत हरवली असती तर?

पुढचा प्रयत्न 1917 च्या सुमाराचा. त्या वर्षी मुंबईत बेने इस्रायल कॉन्फरन्स सुरू झाली. गावोगावचे प्रतिनिधी एकत्र येऊन शिक्षण, धर्म, समाजसुधारणा यांवर ठराव करतील अशी कल्पना. पण जवळजवळ त्याच वेळी ऑल इंडिया इस्रायलाईट लीग ही दुसरी संस्था निघाली. तिच्या पुढाऱ्यांत औंध संस्थानचे कारभारी जेकब बापूजी इस्राएल आणि बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर होते. दोन्ही संस्थांचे हेतू पाहिले तर फारसा फरक दिसत नाही. मतभेद कार्यपद्धतीचे होते, राजकारणाचे होते आणि माणसांचेही होते. मुठीएवढा समाज, त्यात दोन अखिल भारतीय संस्था. दोन अधिवेशने, दोन वर्गण्या, दोन कार्यवाह, ठरावांच्या दोन वह्या. एकमेकांना मजकूर कळवायचा तो टीकेच्या रूपाने. काही वर्षांतच दोन्हींचा जोर ओसरला. या वादात कोण बरोबर होते याचा निकाल लावायला आता कोणी उरलेले नाही. पण एक गोष्ट आपण पाहू शकतो. समाजाची एक शिरगणती, एक लग्ननोंद, मशिदींच्या हिशेबाची एक पद्धत, हे सगळे करायला तेव्हा माणसे होती, शिक्षण होते, उत्साह होता. एक टेबल मात्र नव्हते.

त्याच काळात एका बाईने शांतपणे जे केले ते अधिक टिकले. रिबेका रूबेन. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या आणि पुढे 1922 ते 1950 आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आपल्यापैकी कित्येकांनी त्यांच्या नजरेचा धाक अनुभवला आहे. त्यांनी 1917 पासून तीन वर्षे ‘बेने इस्रायल ॲन्युअल अँड इयर बुक’ काढले. वर्षाकाठी समाजाचे काय झाले याची एका जागी नोंद व्हावी, हे त्यांचे साधे ध्येय होते. ते तीनच अंक निघाले. पण आज इतिहास लिहिणारा कोणीही त्या अंकांशी थांबल्यावाचून पुढे जात नाही. ठरावांच्या गठ्ठ्यापेक्षा तीन वर्षांची नीट नोंद अधिक उपयोगी पडली.

यानंतर आपण या देशात आलो, आणि येथे कागद म्हणजे काय ते आपल्याला फार कडू रीतीने कळले. 1962 मध्ये चीफ रबाय यित्झाक निस्सीम यांच्या काळात रब्बानूतने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना पाठवल्या. बेने इस्रायल मुलगा वा मुलगी लग्नाला उभी राहिली, तर तिच्या आईची, आजीची आणि शक्य तेवढ्या मागल्या पिढ्यांची चौकशी करावी. त्या घराण्यात परक्याशी विवाह झाला होता काय, घटस्फोट झाला तो धर्मरीतीने झाला काय, हे पाहावे. सूचना आपल्याच समाजाचे नाव घेऊन होती. आपण संतापलो. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह येरुशलायीममध्ये रस्त्यावर बसली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेतचे खास अधिवेशन झाले. बेने इस्रायल हे सर्व बाबतीत यहुदी आहेत असे सरकारने सांगितले. त्याच महिन्याच्या अखेरीस सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढले गेले.

तो लढा न्यायाचा होता आणि तो आपण कागदांच्या जोरावर जिंकला नाही, एकीच्या जोरावर जिंकला. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या चौकशीतून दुसऱ्या कोणत्या समाजाला जावे लागले नाही तिच्यातून आपल्याला नेणे हाच अन्याय होता. आपले दप्तर कितीही चोख असते तरी तो अन्यायच राहिला असता. पण त्या दिवसांत काय झाले तेही विसरू नये. आजीचे लग्न कोणत्या मशिदीत झाले? तिचे इब्री नाव काय? कपाटाची किल्ली कोणाकडे? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला मुंबईस पत्रे गेली, पुण्यास गेली, कोकणात गेली. कोणाच्या घरी आजीचा केतुबा ट्रंकेत निघाला आणि कोणाच्या घरी नाही निघाला. पत्राच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या नवऱ्या मुलींचे चेहरे ज्यांनी पाहिले त्यांना दप्तर या विषयाचे महत्त्व समजावून सांगायला नको.

मग येथे आल्यावर आपण शहाणे झालो काय? बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला, येरुहाम अशी आपली वस्ती पसरली. जेथे दहा घरे जमली तेथे मिन्यान झाले, मग सिनेगॉग झाले, मग मंडळ झाले, आणि कधी कधी त्याच गावात दुसरे मंडळही झाले. 1917 ची गोष्ट आपण हिब्रूत पुन्हा लिहिली. प्रत्येक मंडळाचा कार्यवाह वेगळा, त्याची वही त्याच्या घरी. तो गेला की मुले घर आवरतात. मराठी अक्षरे त्यांना येत नाहीत. चाळीस वर्षांची कार्यवृत्ते जुन्या वर्तमानपत्रांबरोबर कचऱ्याच्या डब्याकडे जातात. आम्ही एका घरी गेलो होतो, तेथे अशी एक वही वाचली. बंद पडलेल्या एका मंडळाची. अर्ध्या पानांवर सभांचे ठराव, वर्गणीदारांची नावे, पुरणपोळीच्या समारंभाचा खर्च. उरलेल्या अर्ध्यांवर दुधाचा हिशेब. ‘पाने कोरी होती, वाया कशाला घालवायची?’ त्या घरच्या बाई म्हणाल्या. दुधाच्या हिशेबामुळेच ती वही टिकली, हेही खरे!

आपल्या लोकांत फाटलेले सिद्दूर टाकत नाहीत. देवाचे नाव असलेला कागद गेनिझात ठेवतात आणि पुढे पुरतात. मिसरमधल्या फुस्तातच्या सिनेगॉगमध्ये असे कागद शतकानुशतके एका खोलीत टाकले गेले आणि पुरायचे राहून गेले. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतले पुष्कळ केंब्रिजला नेले. तेव्हा प्रार्थनांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेबाच्या याद्या आणि करारही सापडले. बाराव्या शतकात हिंदुस्थानच्या मलबार किनाऱ्यावर राहिलेल्या अब्राहाम बेन यिजू या यहुदी व्यापाऱ्याची पत्रे त्यांत आहेत. कोणाकडून काय आले, कोणाला काय धाडले, कोणाचे येणे राहिले. सामान्य धंद्याचे कागद. सगळे एका खोलीत राहिले म्हणून एका माणसाचे आयुष्य आठशे वर्षांनी उभे करता आले. आपल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीला कमी लेखू नये ते यासाठी.

येरुशलायीममध्ये यहुदी लोकांच्या इतिहासाचे मध्यवर्ती दप्तरखाने 1939 पासून आहे आणि आता ते राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. जगभरच्या जमातींचे कागद तेथे येतात. आपल्या मंडळांच्या वह्याही अशा ठिकाणी जाऊ शकतात. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. किंबहुना नवी संस्था काढूच नये, एवढी विनंती! जी मंडळे आहेत त्यांच्या कार्यवाहांनी वर्षातून एकदा एका टेबलाशी बसावे आणि कोणाकडे कोणती वही आहे याची एक यादी करावी. वही देऊ नका, फक्त यादी द्या. मालकी ज्याची त्याची राहू दे. रेल्वेच्या कचेरीत स्टोअरकीपर दुसऱ्याच्या मालाची यादी ठेवी, माल मालकाचाच असे. हे तर आपल्याला शिकवायला नको.

आणि ज्यांच्याकडे मंडळ नाही, फक्त एक ट्रंक आहे, त्यांनी एवढे करावे. येत्या शाब्बाथनंतर जुने फोटो काढावेत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहावे: घरातले नाव, इब्री नाव आणि कागदावरचे नाव. मूळ गाव. कोणती मशीद. साल आठवत असेल तर साल, नसेल तर ‘दंगलीच्या वर्षी’, ‘सिंदरच्या मुलाच्या मिलेच्या आधी’ असे काहीही. बाईचे नाव असेल तर तिच्या माहेरचे आडनाव आवर्जून लिहावे, कारण 1962 मध्ये विचारले गेले ते आईचे आणि आजीचेच. मराठीत लिहिता आले तर मराठीत, आणि नातवाकडून त्याखाली हिब्रूत एक ओळ. त्याला वाटेल आजी उगाच कामाला लावते. लावावे.

आपल्या एका वृद्ध हेडक्लार्कचे वाक्य कित्येकदा ऐकलेले आहे, त्यांनी चाळीस वर्षे सरकारी फाइली लावल्या: ‘कागद हरवत नाही, तो चुकीच्या फाइलीत जातो.’ आपले कागदही अजून कोठे तरी आहेत. मांडवीच्या कपाटात, अलिबागच्या माळ्यावर, दिमोन्याच्या पलंगाखाली. ते कोणत्या फाइलीत गेले आहेत हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. ती आपण आहोत.